ऑइल बदललं आणि सेल्फ बसला: मारुती ८०० (१९९८)

वाशिष्ठीकाठ
रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून पहिलाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

गाडी मारुती ८००, १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. बाबांनी नवी घेतलेली, दुसऱ्या कुणाच्या नावावर कधी गेलेली नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या अंगणात ही काचेपर्यंत पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर सगळे म्हणाले भंगारात द्या. बाबांनी दिली नाही. तेव्हाच्या गॅरेजवाल्याने तीन वेळा ऑइल काढून-भरून, सीटा उन्हात टाकून, अर्धं वायरिंग बदलून ती उभी केली. तेव्हापासून बरी चालत होती.

आज व्हिडिओ बघून स्वतः ऑइल आणि फिल्टर बदलला. शहाणपणा म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली होती. चेंबरचा (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा) नट उघडताना ऑइल बादलीत कमी आणि फरशीवर जास्त गेलं. मग सगळं जोडून गाडी सुरू केली तर तेव्हा व्यवस्थित सुरू झाली. ऑइलचा दिवाही विझला. संध्याकाळी बाबांना देवळात न्यायचं म्हणून चावी फिरवली तर नुसतं "टक्". परत "टक्". चारपाच वेळा केल्यावर सेल्फ (गाडी सुरू करणारी मोटर) एकदा रडत रडत फिरला आणि पुन्हा बसला. धक्का मारला की मात्र एका झटक्यात सुरू होते.

कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणतो सेल्फ गेला, आर्मेचर (मोटरची आतली फिरणारी गुंडाळी) जळालं असणार, रिकंडिशन्ड बसवतो, २८०० होतील. त्याच्या शेजारचा बॅटरीवाला म्हणतो बॅटरी गेली. बॅटरी आठ महिन्यांची आहे.

दुसरा प्रश्न: डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर दिसतंय. साडेतीन लिटरचा डबा आणला होता, सगळा ओतला. चालेल का?

---

शंकासुर
रविवार, रात्री १०.५२

विकून टाका. पुरातली गाडी आणि लग्नातली भांडणं, दोन्ही निस्तरत बसायचं नसतं.

---

ताराराणी८००
रविवार, रात्री ११.१५

शंकासुर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. मागे एकाने फ्रीजचं विचारलं होतं तेव्हाही.

वाशिष्ठीकाठ, आधी ऑइलचं बोलते कारण ते तातडीचं आहे. साडेतीन लिटर नाही हो लागत! या इंजिनाला फिल्टर धरून पावणेतीन-तीनच्या आसपास पुरतं, आणि शेवटचा शब्द डब्याचा नाही, डिपस्टिकचा. बोटभर जास्त म्हणजे खूप जास्त. क्रँक (इंजिनाचा खालचा फिरणारा दांडा) फिरताना ऑइलात आपटते, फेस होतो, फेस पंपात गेला की दाब नीट बनत नाही. शिवाय सीलमधून झिरपायला लागतं. जास्तीचं काढून टाका, तोवर गाडी फिरवू नका.

काढायला नट उघडू नका, पुन्हा फरशी धुवावी लागेल. औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणा, डिपस्टिकच्या भोकातून नळी खाली सोडा आणि ओढा. वेळखाऊ आहे पण हात काळे होत नाहीत.

एक विचारू? पुढची बाजू जॅकवर असतानाच ऑइल काढलंत का? गाडी तिरकी असली की चेंबरच्या एका कोपऱ्यात जुनं ऑइल राहतं. त्यावर नवीन साडेतीन ओतलं असेल तर हिशेब जुळतो.

---

बॅटरीवाला_काका
सोमवार, सकाळी ६.२०

सेल्फ बदलू नका. बॅटरीही बदलू नका. आधी मोजा.

चाळीस वर्षं कोल्हापुरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं, आता मुलगा बघतो. माझ्याकडे "सेल्फ गेला" म्हणून जितके सेल्फ यायचे त्यातले कितीतरी मी टेबलावर लावून फिरवून तसेच परत दिले आहेत. गिऱ्हाईक नाराज व्हायचं, की काका काहीतरी करा तरी.

आवाजावरून बरंच कळतं. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, म्हणजे सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवरचा चुंबकी स्विच, तो ओढला गेला की मोटरला करंट मिळतो) करंटच पोचत नाही: चावीचा स्विच, बारीक वायर, सॉकेट. "कटकटकटकट" असं टाइपरायटरसारखं वाजलं, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल ढिलं आहे. सोलेनॉइड ओढतो, मोटरने करंट मागितला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज वर येतं, परत ओढतो. आणि तुमच्यासारखं एकच "टक्", म्हणजे सोलेनॉइड ओढला गेला पण मोटर फिरली नाही. त्यात मग सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळालेले, मोटरचे कार्बन (आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेले, मोटर जाम, किंवा जाड केबलचा रस्ता खराब, यातलं काहीही असू शकतं.

रात्री हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे किती मंद होतात ते सांगा.

ऑइलला पेट्रोलचा वास येतोय का तेही बघा. कार्ब्युरेटरवाल्या ८००चा पेट्रोल पंप इंजिनावर बसतो, त्याचा पडदा फाटला की पेट्रोल आत उतरतं आणि ऑइल आपोआप "वाढतं".

---

ओहमचा_नियम
सोमवार, दुपारी १.०५

काकांना दुजोरा. मल्टीमीटर असेल तर चार आकडे घ्या. दुसऱ्या माणसाला चावीवर बसवा, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड.

आधी काही न करता बॅटरीच्या दोन खुंट्यांवर: १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.० म्हणजे जवळजवळ रिकामी. मग सेल्फ मारत असताना तिथेच: ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय. तिसरा आकडा सेल्फ मारत असतानाच, पण मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टवर. चौथा तसाच, पण निगेटिव्ह खुंटी आणि सेल्फची बॉडी यांच्यात.

तिसरा आणि चौथा आकडा लोकांना समजत नाही, म्हणून थोडं लिहितो. चांगल्या तारेच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेज जवळपास शून्य हवं. जितकं दिसेल तितकं वाटेत खाल्लं जातंय. सेल्फ सहज शंभर अँपिअर ओढतो. वाटेत कुठे ०.०२ ओहमचा गंज बसला असेल तर १०० × ०.०२ = २ व्होल्ट तिथेच गेले. हा ०.०२ ओहम साध्या मीटरच्या ओहमच्या बटणावर दिसतच नाही, आणि टेस्ट लॅम्प लावला तर तोही झकास पेटतो, कारण त्याला करंट लागतोच किती? म्हणून सगळं "चेक केलंय" म्हणतात आणि दोष तिथेच असतो. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि निगेटिव्ह बाजूला ०.३ पेक्षा जास्त दिसलं तर केबलकडे बघा.

---

गॅरेजप्रेमी_पप्पू
सोमवार, दुपारी ३.३०

येवढं कशाला? मोठा स्क्रू ड्रायव्हर घ्या, सेल्फच्या दोन बोल्टवर आडवा टाका. फिरला तर सेल्फ चांगला. दोन मिनिटांचं काम.

---

बॅटरीवाला_काका
सोमवार, संध्याकाळी ५.१०

पप्पूशेठ, कुठले दोन बोल्ट? दोन जाड बोल्ट जोडले तर सोलेनॉइड ओढलाच जात नाही, मोटर नुसती मोकळी फिरते, बेंडिक्स (इंजिनाला फिरवणारं सेल्फचं दातेरी चाक) पुढे सरकत नाही. त्यावरून लोड घेते की नाही काय कळणार? वर ठिणगी एवढी उडते की स्क्रू ड्रायव्हरचं टोक वितळतं. जोडायचंच तर जाड केबलचा बोल्ट आणि सोलेनॉइडची बारीक वायर यांच्यात जोडतात.

आणि ते करताना गिअर बघा. आमच्याकडे एक पोरगा कामाला होता. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून त्याने समोर उभं राहून हे केलं. चावी चालू होती. गाडी उडी मारून आली ती सरळ त्याला घेऊन शटरवर. नशीब म्हणून मांडीचं हाड मोडण्यावर निभावलं. तेव्हापासून माझ्या दुकानात स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ मारायचा नाही म्हणजे नाही.

---

वाशिष्ठीकाठ
सोमवार, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार. ताराराणीताई, अगदी बरोबर, पुढची बाजू जॅकवर होती. सिरिंजने ओढून ओढून सहाशे-सातशे मिली काढलं, आता खुणेवर आहे. पेट्रोलचा वास नाही. नवीन ऑइल मात्र एका दिवसात काळपट दिसतंय, तो आणखी एक प्रश्न.

शेजारच्या काकूंच्या मुलाकडून मीटर आणला. आकडे:

बॅटरी शांत असताना १२.५८. सेल्फ मारताना ११.६. पॉझिटिव्ह ते सेल्फचा बोल्ट ०.२. निगेटिव्ह ते सेल्फची बॉडी... इथे मला वाटलं मी चुकतोय म्हणून तीनदा घेतला. ४.१.

हेडलाइट जेमतेम मंद होतात.

---

ओहमचा_नियम
सोमवार, रात्री १०.०२

सापडला!

११.६ मधून ०.२ आणि ४.१ गेले, सेल्फच्या वाट्याला उरले ७.३. तो बिचारा काय करणार. बॅटरी ठणठणीत आहे, म्हणून तर दिवे मंद होत नाहीत. दोष अर्थिंगच्या, म्हणजे करंट निगेटिव्हकडे परत जायच्या रस्त्यात.

---

बॅटरीवाला_काका
सोमवार, रात्री १०.२०

तीन गोष्टी सांगा.

बॅटरीची निगेटिव्ह केबल कुठे जाते? गिअरबॉक्सला की बॉडीच्या पत्र्याला?

इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी विणलेल्या तारेची चपटी पट्टी दिसते का?

आणि हे विचित्र वाटेल, पण गेल्या दोन दिवसांत क्लच जड झालाय का? किंवा रबर जळाल्यासारखा वास?

---

वाशिष्ठीकाठ
सोमवार, रात्री १०.४५

काका, तुम्ही आमच्या अंगणात कॅमेरा लावलाय का?

बाबा कालपासून म्हणतायत की क्लच दाबताना करकर होतंय, जड लागतोय. मी म्हटलं गुडघा दुखतोय म्हणून वाटत असेल. त्यावरून घरात थोडं वाजलंही. वास मलाही आला होता, पण मला वाटलं सायलेन्सरवर सांडलेलं ऑइल जळतंय.

निगेटिव्ह केबल बॉडीला बोल्ट केलीय. पुरानंतर गॅरेजवाल्याने नवी टाकली होती ती हीच. पट्टी उद्या उजेडात बघतो.

---

ताराराणी८००
सोमवार, रात्री ११.००

क्लचचा आणि सेल्फचा काय संबंध? काका, सांगा, नाहीतर झोप लागायची नाही.

---

बॅटरीवाला_काका
मंगळवार, सकाळी ६.०५

इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असतात. रबरातून करंट जात नाही. सेल्फची निगेटिव्ह म्हणजे त्याची स्वतःची बॉडी, ती गिअरबॉक्सला टेकलेली. मग गिअरबॉक्सपासून बॅटरीपर्यंत परत जायला धातूचा रस्ता हवा. जाड केबल थेट गिअरबॉक्सला असेल तर प्रश्नच नाही. पण बाजारातली आखूड केबल टाकून ती पत्र्याला बोल्ट केली, की सगळा भार त्या विणलेल्या पट्टीवर येतो. पट्टी तुटली की करंटला जिथून मिळेल तिथून जायचं असतं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं दुसरं लोखंड कोणतं? क्लचची केबल, ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल. शंभर अँपिअर त्या बारीक तारेतून गेले की ती तापते, आतलं प्लॅस्टिकचं अस्तर वितळतं, आणि मग क्लच करकरतो.

मी एका ट्रॅक्स जीपमध्ये ॲक्सिलरेटरची केबल लाल झालेली डोळ्यांनी पाहिली आहे.

वाशिष्ठीकाठ, पट्टी शोधायच्या आधी एक करा. जंप स्टार्टची केबल घ्या. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीला, दुसरं गिअरबॉक्सच्या एखाद्या स्वच्छ बोल्टला. मग सेल्फ मारा. मीटरही नको, काही नको.

---

शंकासुर
मंगळवार, सकाळी ९.१५

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (विकायचं मागे घेतलं.)

---

वाशिष्ठीकाठ
मंगळवार, सकाळी ९.४०

काका!!! अर्ध्या फेऱ्यात सुरू. पूर यायच्या आधीसुद्धा इतकी झटकन लागत नव्हती. बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले आवाज ऐकून.

पट्टी सापडली. म्हणजे पट्टीची दोन टोकं सापडली, मधलं काही नाही. तारा हिरव्यागार, हात लावला की पीठ. रविवारी सुरू झाली आणि संध्याकाळी नाही, याचं कारण पण लक्षात आलं. दुपारी सांडलेलं ऑइल धुवायला मी सर्व्हिसिंगवाल्याकडून प्रेशरचा पंप आणून खालून सगळं फवारलं होतं. शेवटच्या चार तारा उरल्या असतील त्या मीच उडवल्या.

---

ओहमचा_नियम
मंगळवार, सकाळी १०.१०

पुराचं पाणी, वर कोकणातली दमट हवा. तांबं हिरवं पडणारच. नवी पट्टी लावताना बोल्टच्या खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत करा, मग पट्टी, मग वॉशर. बोल्ट घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग बोल्ट नको. दोन्ही टोकांना हेच. बॅटरीच्या टर्मिनललाही.

जमलं तर निगेटिव्हची एक जाड केबल थेट गिअरबॉक्सला न्या आणि पट्टीही ठेवा. दोन रस्ते असलेले बरे.

---

ताराराणी८००
मंगळवार, दुपारी २.३०

वा काका. मान गये.

धागा निघालाच आहे तर माझ्या ८००चं सांगते, कारण लक्षण जवळपास तेच, पण कारण वेगळं होतं. सकाळी थंड असताना मस्त लागायची. पन्हाळ्यावर चढवून, वर जाऊन बंद केली की दहा मिनिटांनी "टक्" सुद्धा नाही. अर्धा तास थांबलं की परत सुरू. दोन मेकॅनिकांनी सेल्फ उघडून ग्रीस करून दिला, पैसे घेतले, पुढच्या घाटात पुन्हा तेच. शेवटी इंजिन गरम असतानाच मोजलं, तेव्हा कळलं: चावीच्या स्विचमधून सोलेनॉइडच्या बारीक वायरला जेमतेम आठ व्होल्ट पोचत होते. जुन्या स्विचचे कॉन्टॅक्ट झिजलेले, आणि सोलेनॉइड ओढायला क्षणभर का होईना वीसतीस अँपिअर लागतात, ते सगळे त्या चावीतून जायचे.

---

ओहमचा_नियम
मंगळवार, दुपारी ३.००

आणि गरम असतानाच का, तर तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.३९ टक्के वाढतो. सोलेनॉइडचं कॉइल ३० अंशांवरून ९० ला गेलं की रोध सुमारे २३ टक्क्यांनी जास्त, म्हणजे तेवढ्याच व्होल्टेजला ओढ कमी. थंडीत काठावर पास होणारा गरमीत नापास.

---

ताराराणी८००
मंगळवार, दुपारी ३.२०

हो, तेच. उपाय दीडदोनशे रुपयांचा निघाला: एक साधा चार पिनांचा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच; पिनांवर नंबर असतात). चावीकडून येणारी बारीक वायर ८६ ला, ८५ अर्थला, ३० नंबरला बॅटरीतून फ्यूज घालून जाड वायर, ८७ मधून सोलेनॉइडला. आता चावीतून फक्त रिलेपुरता करंट जातो. चार वर्षं झाली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घालायचा हे मात्र विसरू नका.

---

गॅरेजप्रेमी_पप्पू
मंगळवार, संध्याकाळी ७.४५

काळ्या ऑइलचं कुणी बोललंच नाही. मी सांगतो, डुप्लिकेट आहे. परत बदला.

---

ताराराणी८००
मंगळवार, रात्री ८.१०

पप्पू, थांबा हो. चेंबरच्या कोपऱ्यात जुनं ऑइल राहिलं होतं ना, ते नव्यात मिसळलं. शिवाय ऑइलातली रसायनं काजळी धुऊन आपल्यात धरून ठेवतात, काळं होणं हे त्याचं कामच आहे. काळजी कधी करायची? डिपस्टिकवर चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर, म्हणजे पाणी शिरलंय. पुरानंतर याच गाडीचं तीनदा ऑइल काढलं ते त्यासाठीच असणार.

वाशिष्ठीकाठ, पुढच्या वेळी: दहा मिनिटं गाडी चालवून ऑइल कोमट करा, ते पातळ होऊन घाण घेऊन उतरतं. नट ढिला करून गाडी शक्य तितकी सपाट करा. आमच्याकडे मी दोन्ही बाजूंची चाकं जाड फळ्यांवर चढवते, जॅकच्या भरवशावर खाली कधीच शिरत नाही. नटाचं वॉशर नवीन. नट हाताने पूर्ण बसवून मग पाना, आणि पान्यावर पाय नको. चेंबरचे आटे गेले की पाच रुपयांच्या वॉशरचं काम किती हजारात जातं ते मला विचारा. नको, विचारू नका. फिल्टर काढल्यावर जुनं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना ते बोट फिरवून बघायचं. दोन रबरं एकावर एक बसली की सुरू केल्याबरोबर ऑइलचा फवारा. नव्या रबराला ऑइलचं बोट लावायचं, टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, बस्स.

ग्रेडबद्दल, म्हणजे ऑइल किती जाड हवं ते विचाराल, तर आपल्या हवेत या जुन्या इंजिनाला २०डब्ल्यू-४० पुष्कळ. आवाज करतं म्हणून जाड जाड ऑइल घालत जाऊ नका, थंड इंजिनात ते वर चढायला वेळ लावतं.

---

शंकासुर
मंगळवार, रात्री ८.२५

काढलेल्या ऑइलचं काय केलंत? गटारात ना?

---

वाशिष्ठीकाठ
मंगळवार, रात्री ९.००

नाही हो. खाली वाशिष्ठी आहे. रिकाम्या डब्यात भरून ठेवलंय. गॅरेजवाला पिंपात साठवतो, त्याच्याकडून गोळा करणारा घेऊन जातो, त्यात देणार. शेजारच्यांनी दाराच्या वाळवीला लावायला मागितलं होतं, त्यांना नाही म्हटलं.

---

वाशिष्ठीकाठ
शुक्रवार, रात्री ८.३०

शेवटचा अपडेट. नवी विणलेली पट्टी, गिअरबॉक्सला थेट जाड केबल, आणि क्लचची नवी केबल (जुनी सोलून पाहिली, आतलं प्लॅस्टिक गोळा झालं होतं). सगळं मिळून हजाराच्या आत, मजुरीसकट. आता निगेटिव्ह ते सेल्फची बॉडी ०.१५.

२८०० चा सेल्फ सांगणाऱ्या मेकॅनिककडेच काम केलं. त्याला मीटरचे आकडे दाखवले तर आधी हसला, मग जंप केबल लावून स्वतः बघितलं, मग गप्प. बाबांची माफी मागितली, गुडघ्यावरून बोललो त्याबद्दल. ते म्हणाले, "क्लच कोण दाबतो, तू की मी?"

---

मिरजेचा_ओम्नीवाला
शनिवार, सकाळी ११.१०

धागा वर काढतोय. माझ्याही ओम्नीचा क्लच महिनाभर जड आहे आणि सेल्फ आळस देतो. मेकॅनिक म्हणतो क्लचप्लेट गेली. काय करू?

---

बॅटरीवाला_काका
शनिवार, सकाळी ११.२५

सेल्फ मारायला लावा कुणाला तरी आणि क्लचच्या केबलला हात लावून बघा. हळूच.